चेंडूच्या खेळाचा रोबोट: गुणांच्या हिशेबापासून शूटरपर्यंत

रोबोटिक्स स्पर्धेत चेंडूचा खेळ जाहीर झाला की बहुतेक संघ पहिल्याच आठवड्यात शूटर, म्हणजे चेंडू फेकणारी यंत्रणा, बांधायला घेतात. चेंडू उडताना पाहण्यात गंमत असते आणि घरच्यांना दाखवायलाही तेच सोपे पडते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी गुणांचा हिशेब, मग चेंडू उचलणारा इनटेक, मग रोबोटच्या पोटातून जाणारा चेंडूचा मार्ग आणि सर्वांत शेवटी शूटर, या क्रमाने काम केले तर शूटर साधा असूनही संघ वर जातो. उलट क्रमाने गेल्यास सुरेख शूटर रिकाम्या पोटी फिरत राहतो. बडोद्यात शाळेच्या किंवा सोसायटीच्या पातळीवर नवा संघ उभा करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. उदाहरणासाठी फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबोटिक्स स्पर्धेचा २०२५-२६ च्या हंगामातील ‘डिकोड’ हा खेळ घेतला आहे, कारण चेंडू हाताळण्याचे जवळजवळ सगळे प्रश्न त्यात एकत्र आले आहेत.

आधी हिशेब

‘डिकोड’ सुमारे साडेतीन मीटर चौरस मैदानावर खेळला जातो. दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन रोबोट असतात. पहिले ३० सेकंद रोबोट स्वयंचलित चालतात आणि नंतर २ मिनिटे चालक त्यांना चालवतात. मैदानात २४ जांभळे आणि १२ हिरवे असे एकूण ३६ चेंडू असतात, आणि एका रोबोटला एका वेळी जास्तीत जास्त तीनच चेंडू ताब्यात ठेवता येतात. गोलमध्ये वरून पडलेला चेंडू घरंगळत एका उतरत्या रॅम्पवर येतो. रॅम्पवर नऊ चेंडू मावतात. थेट रॅम्पवर गेलेल्या चेंडूचे ३ गुण मिळतात, तर रॅम्प भरलेला असताना वरून वाहून गेलेल्या चेंडूचा १ गुण मिळतो. रॅम्पच्या खालच्या टोकाला एक गेट असते आणि रोबोटने ते ढकलले की चेंडू पुन्हा मैदानात येतात. याशिवाय सामन्याच्या सुरुवातीला तीन चेंडूंचा एक रंगक्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा ठरतो. त्यात एक हिरवा आणि दोन जांभळे असतात. तो क्रम रॅम्पवर तीनदा ओळीने लावायचा असतो आणि योग्य जागी योग्य रंग आला की दर चेंडूमागे २ गुण मिळतात. हे गुण स्वयंचलित भाग संपताना आणि सामना संपताना, असे दोनदा मोजले जातात.

हे आकडे वाचून थांबू नये. ते एकमेकांशी ताडून पाहावेत. रॅम्प भरल्यावर गेट न उघडता तीन चेंडू मारले तर ९ ऐवजी ३ गुण मिळतात, म्हणजे एका फेरीमागे ६ गुण बुडतात. गेट उघडायला तीन-चार सेकंद लागत असतील, तर पुढच्या नऊ चेंडूंवर त्याचा १८ गुणांचा परतावा मिळतो. त्यामुळे सामन्याच्या मधल्या भागात गेट उघडणे हे कंटाळवाणे काम नसून सर्वांत फायद्याचे काम ठरते, आणि दोन रोबोटांपैकी ते कोणी करायचे हे आधीच ठरलेले असावे. शेवटी मात्र हिशेब उलटतो. रंगक्रमाचे गुण सामना संपताना रॅम्पवर असलेल्या चेंडूंचेच मिळतात, म्हणून उशिरा गेट उघडून रॅम्प अर्धा रिकामा ठेवणे महागात पडते. नऊ चेंडू भरायला तीन खेपा लागतात. एका खेपेला १५ सेकंद धरल्यास दोन रोबोट मिळून त्या अर्ध्या मिनिटात पुऱ्या होतात, कारण एकाला दोन खेपा कराव्या लागतात. थोडी सवड ठेवून ४० सेकंद उरले असताना शेवटचे गेट, असा नियम पहिल्या सरावासाठी पुरेसा आहे. पुढे आपल्या रोबोटच्या वेगाप्रमाणे तो बदलावा.

रंग वेगळे करणारी यंत्रणा बांधावी की नाही, हा प्रश्नही अंदाजाने सोडवू नये. मैदानात जांभळे आणि हिरवे २:१ या प्रमाणात आहेत आणि रंगक्रमातही तेच प्रमाण आहे. कोणताही विचार न करता हाती येईल तो चेंडू मारला, तर एका जागी रंग जुळण्याची शक्यता ५/९ येते, म्हणजे नऊ जागांपैकी सरासरी पाच जुळतात आणि १० गुण मिळतात. केवळ जांभळेच मारले, तर सहा जागा हमखास जुळतात आणि १२ गुण मिळतात. पूर्ण क्रम लावला तर १८. म्हणजे “शेवटच्या नऊमध्ये हिरवा घ्यायचाच नाही” एवढ्या एका सूचनेच्या तुलनेत सगळी रंग-निवड यंत्रणा सामन्याच्या अखेरीस फक्त ६ गुण वाढवते. क्रमवारीत रंगक्रमासाठी वेगळा गुण असतो, त्यामुळे अनुभवी संघाने ती यंत्रणा जरूर बांधावी. नव्या संघाने मात्र पहिले दोन महिने तिच्याकडे पाहूही नये.

हिशेब आधी करण्याची सवय किती उपयोगी पडते, हे मोठ्या रोबोटांच्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेच्या २०१७ सालच्या ‘स्टीमवर्क्स’ या खेळात दिसले होते. त्यात चालकांच्या भागात उंच गोलमध्ये तीन चेंडू गेले की एक गुण मिळत असे, तर मोठाली दातेरी चाके नेऊन एक रोटर फिरवला की ४० गुण मिळत. एका रोटरची बरोबरी करायला १२० चेंडू अचूक मारावे लागत. त्या वर्षी चेंडूंकडे पाठ फिरवणे अनेक संघांसाठी शहाणपणाचे होते. याउलट २०१५-१६ मधील व्हेक्स स्पर्धेच्या ‘नथिंग बट नेट’ या खेळात खालच्या गोलचा १ आणि वरच्या गोलचे ५ गुण असल्यामुळे शूटरशिवाय गत्यंतर नव्हते. चेंडूचा खेळ आहे म्हणून चेंडू मारावा, असे नसते. नियमपुस्तिकेतील गुणांचे पान जे सांगेल ते करावे. ती पुस्तिका हंगामात सुधारली जाते, म्हणून दर आठवड्याला नवी आवृत्ती पाहणारा एक सदस्य संघात नेमलेला असावा.

खेपेचा वेळ

चालकांच्या १२० सेकंदांत १५ सेकंदांची एक खेप धरली तर आठ खेपा होतात, म्हणजे २४ चेंडू. त्यांपैकी ८० टक्के गोलमध्ये गेले आणि रॅम्प मोकळा राहिला, तर सुमारे ५८ गुण होतात. आता नेम सुधारून ९० टक्क्यांवर नेला, तर गुण ६५ च्या आसपास जातात. नेम ८० टक्क्यांवरच ठेवून खेप १२ सेकंदांवर आणली, तर मात्र ७२ गुण होतात. बहुतेक नव्या संघांची सगळी मेहनत पहिल्या सुधारणेवर खर्च होते, कारण हुकलेला चेंडू डोळ्यांत भरतो आणि वाया गेलेले तीन सेकंद कोणाला दिसत नाहीत.

ते दिसावेत म्हणून सरावाचे चित्रीकरण करावे आणि एका खेपेचे चार तुकडे पाडावेत: चेंडूपर्यंत जाणे, तिन्ही चेंडू आत घेणे, मारण्याच्या जागेवर परतणे, आणि नेम धरून तिन्ही मारणे. ‘डिकोड’मध्ये ठरावीक क्षेत्रातूनच चेंडू मारता येतो, त्यामुळे तिसरा तुकडा टाळता येत नाही, पण दुसरा आणि चौथा पूर्णपणे आपल्या हातात असतात. प्रत्येक तुकड्याचे सेकंद वहीत लिहावेत. माझ्या पाहण्यात नव्या संघांचा सर्वाधिक वेळ दुसऱ्या तुकड्यात जातो: रोबोट चेंडूला ढकलतो, चेंडू पळतो, रोबोट त्याच्या मागे लागतो, आणि शेवटी भिंतीचा आधार घेऊन तो कसाबसा आत जातो. म्हणून पुढचा सगळा भर इनटेकवर आहे.

स्पर्श झाला की चेंडू आपला

चांगल्या इनटेकची कसोटी एकच आहे. रोबोटच्या पुढच्या कडेला चेंडू कुठेही लागला, तरी चालकाने काहीही वेगळे न करता तो आत आला पाहिजे. त्यासाठी इनटेकची रुंदी रोबोटच्या परवानगी असलेल्या रुंदीइतकी, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या जवळपास, ठेवावी आणि रोलर जमिनीपासून एवढा उंच असावा की चेंडूच्या मध्याच्या बराच वरून त्याला पकडेल. रोलर मध्याजवळ लागला तर तो चेंडूला आत घेण्याऐवजी पुढे ढकलतो.

रोलरच्या पृष्ठभागाचा वेग रोबोटच्या धावण्याच्या वेगाच्या किमान दुप्पट असावा. रोबोट सेकंदाला दीड मीटर धावत असेल, तर रोलरचा पृष्ठभाग सेकंदाला तीन मीटर फिरला पाहिजे. ४८ मिलिमीटर व्यासाच्या रोलरसाठी याचा अर्थ मिनिटाला सुमारे १,२०० फेरे असा होतो. यापेक्षा हळू फिरणारा रोलर रोबोट थांबलेला असताना ठीक काम करतो आणि धावताना चेंडू उधळतो. त्यामुळे टेबलावर घेतलेल्या चाचणीत तो पास होतो आणि मैदानात नापास.

चेंडू दाबला गेला पाहिजे, पण दबणारी वस्तू कोणती, हे चेंडूवर अवलंबून आहे. फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेच्या २०२० सालच्या ‘इन्फिनिट रिचार्ज’ या खेळात सात इंची फोमचे चेंडू होते; ते स्वतःच दबत, त्यामुळे कडक रोलरही चालत असे. ‘डिकोड’चा चेंडू सुमारे साडेबारा सेंटिमीटर व्यासाचा, छिद्रांचा आणि तुलनेने कडक आहे. इथे दबण्याचे काम रोलरने करायचे असते, म्हणून सिलिकॉनची मऊ चाके, रबरी नळीचे फटकारे किंवा लवचिक पट्ट्या वापराव्यात. छिद्रांच्या कडांत अडकेल असे टोकदार काहीही मार्गात ठेवू नये. बाहेर आलेला स्क्रू आणि केबल-टायचे कापलेले टोक हे दोन नेहमीचे गुन्हेगार आहेत.

पोटातला मार्ग

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण सामन्यात बंद पडणारे बहुसंख्य रोबोट इथेच बंद पडतात. तीन चेंडू एका सरळ रेषेत ठेवले तर साडेसदतीस सेंटिमीटर जागा लागते. पुढे इनटेक आणि मागे शूटर लावला तर एवढी सरळ लांबी उरत नाही, म्हणून मार्गाला वळण किंवा चढ द्यावाच लागतो. तो देताना तीन गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे चेंडू कोणत्याही क्षणी किमान एका फिरत्या रोलरला किंवा पट्ट्याला टेकलेला असावा. साडेबारा सेंटिमीटरच्या चेंडूसाठी लागोपाठच्या दोन रोलरांमधले अंतर दहा-अकरा सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये. मधे मोकळी जागा राहिली की चेंडू तिथे विसावतो, आणि मागून दुसरा चेंडू येऊन ढकलेपर्यंत हलत नाही. सरावात मागे नेहमी दुसरा चेंडू असतो, म्हणून हा दोष दिसत नाही. सामन्यात शेवटचा चेंडू पोटात राहून जातो तेव्हा दिसतो.

दुसरी गोष्ट मार्गाच्या रुंदीची. रुंदी चेंडूपेक्षा फक्त सेंटिमीटरभर जास्त ठेवावी. चेंडूच्या व्यासाच्या दीडपट ते पावणेदोनपट रुंदी सर्वांत घातक असते, कारण त्यात दोन चेंडू तिरपे शेजारी येऊन दोन्ही भिंतींना टेकतात आणि कमानीसारखे घट्ट बसतात. मोटरने जितके जास्त ढकलावे, तितकी ती कमान पक्की होते. पिठाच्या गिरणीत वरच्या डब्यात धान्य अडले की गिरणीवाला काठीने ढोसतो, तसे ढोसणारे फिरते चाक ‘स्टीमवर्क्स’मध्ये अनेक चेंडू साठवणाऱ्या रोबोटांना बसवावे लागले होते. तीनच चेंडूंच्या खेळात ती उठाठेव नको. रुंदी मुळातच एका चेंडूची ठेवावी.

तिसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे आणि ती समजली की कित्येक ‘गूढ’ अडथळ्यांचा उलगडा होतो. एका बाजूला पट्टा आणि दुसऱ्या बाजूला स्थिर पत्रा असेल, तर चेंडू पत्र्यावरून गडगडत पुढे सरकतो आणि त्याचा मध्य पट्ट्याच्या निम्म्या वेगाने जातो. आता असे दोन चेंडू एकमेकांना चिकटले तर काय होते, ते पाहावे. दोघेही एकाच दिशेने फिरत आहेत. त्यामुळे मागच्या चेंडूची पुढची कड खाली जात असताना पुढच्या चेंडूची मागची कड वर येत असते. स्पर्शाच्या जागी दोन्ही पृष्ठभाग एकमेकांविरुद्ध घासतात, दोघांचेही फिरणे थांबते, आणि पट्टा नुसताच वर घसरत राहतो. मोटर गरम होते, चेंडू जागचा हलत नाही, आणि चालक बटण आणखी जोरात दाबतो. यावर दोन उपाय आहेत. दोन्ही बाजूंना सारख्या वेगाचे पट्टे लावले तर चेंडू फिरतच नाही, सरळ पट्ट्याच्या पूर्ण वेगाने सरकतो आणि घासण्याचा प्रश्नच मिटतो. ते जमत नसेल तर मार्गात पुढे असलेला रोलर मागच्यापेक्षा वेगाने चालवून चेंडूंमध्ये फट पाडावी. पत्र्यावर पॉलिश मारणे किंवा तेल लावणे हा उपाय नव्हे. तेल चेंडूवरून शूटरपर्यंत पोहोचते आणि नेम बिघडतो.

मार्गाच्या शेवटी, फ्लायव्हीलच्या (शूटरमधल्या, चेंडू फेकणाऱ्या फिरत्या चाकाच्या) आधी, चेंडू अडवणारे एक साधे फाटक असावे. ते सर्व्होने, म्हणजे ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरने, उघडावे. फाटक नसेल, तर इनटेक चालू असताना तिसरा चेंडू आत येतो आणि पहिला चेंडू अर्ध्या वेगावरच्या फ्लायव्हीलवर जाऊन आदळतो.

पोटात किती चेंडू आहेत हे ओळखायला सेन्सर लावावेत, कारण तीनपेक्षा जास्त चेंडू ताब्यात आले तर दंड बसतो. इथे छिद्रांचा त्रास होतो. प्रकाशाचा किरण नेमका छिद्रातून गेला की सेन्सर “जागा रिकामी आहे” असे सांगतो. रंग ओळखणारा सेन्सरही छिद्रासमोर आला की पलीकडचा काळा पत्रा वाचतो. म्हणून एका जागेसाठी थोड्या अंतरावर दोन सेन्सर लावावेत आणि दोघांपैकी एकाने जरी चेंडू दाखवला तरी तो आहे असे धरावे. किंवा एकच असेल तर सलग काही वाचने रिकामी आल्याशिवाय जागा रिकामी मानू नये.

शूटरची चाल

शूटरसाठी नव्या संघाने एक चाक आणि त्याच्यासमोर वक्र पत्रा, म्हणजे हूड, ही रचना घ्यावी. खाली चाक आणि वर हूड ठेवला की चेंडूला उलटी फिरकी मिळते. अशी फिरकी असलेला चेंडू गोलच्या मागच्या भिंतीवर आपटल्यावर खाली दबतो, उसळून बाहेर येण्याची शक्यता कमी होते. या रचनेत चेंडूचा वेग चाकाच्या पृष्ठभागाच्या वेगाच्या साधारण निम्मा असतो. हा निम्मेपणा विसरल्यामुळे मोटर निवडताना पुष्कळांची फसगत होते.

किती वेग लागेल हे कागदावर काढता येते. गोलची कड जमिनीपासून जवळजवळ एक मीटर आहे आणि चेंडू रोबोटमधून ३५ सेंटिमीटर उंचीवर सुटतो असे धरले, तर त्याला ६५ सेंटिमीटर चढायचे असते. ५५ अंशांच्या कोनात, दोन मीटर अंतरावरून सेकंदाला सुमारे ५.२ मीटर आणि तीन मीटरवरून सुमारे ६.१ मीटर वेग लागतो. चाकाचा पृष्ठभाग दुप्पट वेगाने फिरायला हवा. ९६ मिलिमीटर व्यासाच्या चाकासाठी हे मिनिटाला सुमारे २,०७० आणि २,४२० फेरे होतात. प्रत्यक्षात चेंडू थोडा घसरतो, त्यामुळे यापेक्षा जास्त फेरे लागतील. मात्र कागदावरचा आकडा हाताशी असला की मोटर आणि गिअर निवडताना चाचपडावे लागत नाही. ५५ अंशही उगाच घेतलेले नाहीत. या अंतरांसाठी सर्वांत कमी वेग लागणारा कोन ५१ ते ५४ अंशांच्या दरम्यान येतो आणि त्याच्या आसपास कोनात एखाद्या अंशाची चूक झाली तरी चेंडू फारसा भरकटत नाही. म्हणून हूडचा कोन आधी स्थिर ठेवून फक्त वेग बदलावा.

वेगाची चूक मात्र लगेच दिसते. तीन मीटरवरून मारताना वेग २ टक्क्यांनी वाढला, तर चेंडू सुमारे १५ सेंटिमीटर पुढे पडतो. ५ टक्क्यांनी वाढला, तर जवळजवळ ३८ सेंटिमीटर. पहिला चेंडू सुटताना फ्लायव्हीलची ऊर्जा घेऊन जातो, चाक मंदावते, आणि लगेच मागून आलेला दुसरा चेंडू आखूड पडतो. “पहिला बरोबर, दुसरा आखूड, तिसरा आणखी आखूड” अशी तक्रार असेल, तर नेम तपासू नये, चाक तपासावे. त्यावर उपाय दोन बाजूंनी करावा. फ्लायव्हीलच्या आसावर पितळी किंवा पोलादी चकती लावून त्याचे जडत्व वाढवावे, आणि प्रोग्रॅममध्ये चाकाचा वेग ठरलेल्या आकड्याच्या २ टक्क्यांत परत आल्याशिवाय फाटक उघडूच देऊ नये. जडत्व फार वाढवले तर चाक सुरुवातीला वेग घ्यायला वेळ लावते. त्याची भीती बाळगू नये, कारण रोबोट चेंडू गोळा करत असताना चाक फिरतेच ठेवता येते.

मोटरला नुसता ७० किंवा ८० टक्के पॉवर देऊन भागत नाही. बॅटरी भरलेली असताना तिचा व्होल्टेज १३ च्या वर असतो आणि सामन्याच्या शेवटी तो बराच उतरतो, त्यामुळे त्याच ८० टक्क्यांत चाकाचा वेग बदलतो. एन्कोडर या फेरे मोजणाऱ्या सेन्सरने वेग मोजून तो राखणारा कंट्रोल वापरावा. अपेक्षित वेगाला लागणारा व्होल्टेज आधीच मोजून द्यावा आणि उरलेली तफावत फीडबॅककडून, म्हणजे मोजलेला वेग पाहून होणाऱ्या दुरुस्तीकडून, भरून घ्यावी. केवळ फीडबॅकवर विसंबले तर चाक मागे-पुढे डोलत राहते.

अंतर ओळखण्यासाठी गोलवरची एप्रिलटॅग ही काळ्या-पांढऱ्या चौकटींची छापील खूण कॅमेऱ्याने वाचावी. निळ्या गोलवर २० आणि लाल गोलवर २४ क्रमांकाची खूण असते. रंगक्रम सांगणाऱ्या स्तंभावर २१, २२ आणि २३ असतात. मैदानात अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खुणा करून प्रत्येक ठिकाणी चेंडू नीट पडेल तो वेग शोधावा आणि त्यांचा तक्ता प्रोग्रॅममध्ये ठेवावा. मधल्या अंतरांसाठी जवळच्या दोन आकड्यांमधली किंमत काढता येते. तोफगोळ्याच्या, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या मार्गाच्या, सूत्रावर सगळा प्रोग्रॅम बसवणारे संघ पाहिले आहेत. तक्ता वापरणारे त्यांच्या पुढे असतात.

शूटर चालू असताना सर्वांनी डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा. थ्री-डी प्रिंट केलेले चाक जास्त फेऱ्यांवर फुटू शकते आणि त्याचे तुकडे कुठेही जातात.

बडोद्यातली कामाची वेळ

हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर होतो आणि पाठोपाठ नवरात्र येते. बडोद्यात नऊ रात्री मुलांना गरब्यापासून दूर ठेवण्याचा प्रयत्न कोणत्याही मार्गदर्शकाने करू नये. त्या दिवसांत सकाळी दोन तास भेटून गुणांचा हिशेब, आराखडा आणि पुठ्ठ्याचा इनटेक एवढेच काम ठेवावे. पुठ्ठा, पीव्हीसी पाइप आणि ड्रिल मशीन एवढ्यावर रोलरची उंची आणि दाब ठरवता येतो, आणि पुठ्ठ्यावर घडलेली चूक कात्रीने सुधारते. पॉलिकार्बोनेटची कापाई, आस आणि चकत्या यांचे काम मकरपुरा जी.आय.डी.सी.मध्ये होते, पण ते दिवाळीच्या आधी पुरे करून घ्यावे, कारण दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत बहुतेक शटर बंद असतात. कारखानदाराकडे जाताना तोंडी वर्णन नको. मापे लिहिलेला कागद आणि एक चेंडू सोबत न्यावा. १८९० साली सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या कलाभवनाचा वारसा आज विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत चालू आहे आणि त्या परंपरेमुळे असेल किंवा नसेल, पण चेंडू हातात घेऊन “दादा, हा इथून सुटायला हवा” असे विद्यार्थ्याने म्हटले की लेथवरचा माणूस कागदावर नसलेल्या दोन सूचना करतो, असा इथला अनुभव आहे.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव करताना धुळीकडे लक्ष द्यावे. धूळ बसलेला चेंडू चाकावर जास्त घसरतो आणि आखूड पडतो, त्यामुळे त्या चेंडूंवर तयार केलेला वेगाचा तक्ता स्पर्धेतल्या स्वच्छ चेंडूंना लागू पडत नाही. सरावाआधी चेंडू ओल्या फडक्याने पुसून वाळवावेत, आणि जुन्या-नव्या चेंडूंवर खुणा करून दोन्ही किती लांब जातात हे पाहावे.

स्पर्धेच्या दिवशी सरावाच्या मैदानावर पहिल्यांदा संधी मिळेल तेव्हा गोल मारत बसू नये. तक्त्यातील एकच अंतर निवडून दहा चेंडू मारावेत. सगळे सारखेच पुढे किंवा मागे पडत असतील, तर पूर्ण तक्त्याला एकच टक्केवारी लावून तो सरकवावा. पडण्याच्या जागा विखुरलेल्या असतील, तर तक्त्याला हात न लावता चाकाचा वेग, बॅटरी आणि हूडचे स्क्रू तपासावेत. नंतर जोडीदार संघाशी बोलताना तीनच प्रश्न ठरवून घ्यावेत: गेट कोण उघडणार, शेवटचे गेट किती सेकंद उरले असताना, आणि शेवटच्या नऊ चेंडूंत हिरवा कोण आणणार. तिसऱ्याचे उत्तर “कोणीही नाही” असे आले तरी चालते, फक्त ते दोन्ही चालकांना सामन्याआधी माहीत असावे.